जिओमेट्रिक अ‍ॅनॅलिसिसमधे शिरायचं कसं: बीएस्सीपासून पोस्टडॉकपर्यंत

हे लिहितोय ते बीएस्सी-एमएस्सी मॅथ्स करणाऱ्या पोरापोरींसाठी, ज्यांनी यूट्यूबवर कुठंतरी रिची फ्लो किंवा साबणाच्या पडद्यांचे व्हिडिओ पाहिलेत आणि आता विचारतायत की यात करिअर होतं का, आणि होत असेल तर सुरुवात कुठून करायची. होतं. पण रस्ता लांब आहे, पैसे उशिरा येतात, आणि ज्या चित्रांवर भाळून तुम्ही इकडे वळलात ती चित्रं रोजच्या कामात फार कमी दिसतात. रोज दिसतात त्या इनइक्वॅलिटीज. त्या आवडत असतील तर पुढे वाचा, नसतील तर गणितात बाकी खूप गल्ल्या आहेत, तिकडे जा, काही बिघडत नाही.

आधी विषय काय आहे ते पटकन सांगतो. तारेचं एक कडं साबणाच्या पाण्यात बुडवून काढलं की त्यावर पडदा धरतो, आणि तो पडदा क्षेत्रफळ जेवढं कमी करता येईल तेवढं करून बसतो. आता तार कशीही वेडीवाकडी वाकवली तरी असा कमीत कमी क्षेत्रफळाचा पृष्ठभाग असतोच का? साबणाला विचारलं तर तो हो म्हणतो, पण गणितात ते सिद्ध व्हायला १९३० च्या आसपास डग्लस आणि राडो यावे लागले (दोघांनी वेगवेगळं केलं), आणि डग्लसला १९३६ साली, म्हणजे फील्ड्स मेडल पहिल्यांदा दिलं गेलं तेव्हाच, ते मिळालं. प्रश्न आकाराचा, उत्तर पीडीई (पार्शल डिफरेन्शिअल इक्वेशन्स) आणि कॅल्क्युलस ऑफ व्हेरिएशन्समधून. बस्, हाच विषय. शिंग-तुंग याव या गणितज्ञानं १९७६ मधे कॅलाबी कंजेक्चर (काही खास मॅनिफोल्ड्सवर हवं तसं रिची कर्व्हेचर असलेलं मेट्रिक मिळतंच, हा दावा) सोडवलं तेही असंच, एक महाकठीण नॉनलिनिअर पीडीई सोडवून, आणि हॅमिल्टननं १९८२ मधे सुरू केलेला रिची फ्लो (आकाराचं कर्व्हेचर हळूहळू सारखं करत नेणारं समीकरण) घेऊन पेरेलमननं २००२-०३ मधे पॉइंकारे कंजेक्चर (ज्यात प्रत्येक फास आवळून टिंब करता येतो असा बंद त्रिमितीय आकार म्हणजे गोलच, हा दावा) संपवलं तेही असंच.

पायरी १: अ‍ॅनॅलिसिस आधी, जिओमेट्री मागून

इथं बहुतेक सगळे उलटं करतात. मॅनिफोल्ड, बंडल, कनेक्शन असे भारी शब्द शिकायला मजा येते म्हणून सगळं वर्ष त्यात घालवतात आणि मग पहिला रिसर्च पेपर उघडला की दुसऱ्या पानावर सोबोलेव्ह इनइक्वॅलिटी (फंक्शनला त्याच्या डेरिव्हेटिव्हनं बांधणारी) येते आणि गाडी तिथंच पंक्चर. माझं मत स्पष्ट आहे: व्याख्या नंतर पटकन शिकता येतात, एस्टिमेटचा (म्हणजे एखादी गोष्ट किती मोठी होऊ शकते हे बांधणाऱ्या इनइक्वॅलिटीजचा) हात बसायला मात्र वर्षं जातात, म्हणून तो आधी बसवायला घ्या.

बीएस्सीला असाल तर रिअल अ‍ॅनॅलिसिस, लिनिअर अल्जेब्रा, ओडीई आणि मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस, एवढं नीट करा. यातलं शेवटचं आपल्याकडे बऱ्याच कॉलेजांत फॉर्म्युले पाठ करण्यापुरतंच होतं, ते स्वतः परत करावं लागतं. इन्व्हर्स फंक्शन थिअरम सिद्ध करता आलं पाहिजे आणि ते कुठं फसतं हेही सांगता आलं पाहिजे. त्याच्या जोडीला वक्र आणि पृष्ठभागांची जिओमेट्री, त्यासाठी डू कार्मोचं पुस्तक सगळे वापरतात, तुम्हीपण वापरा. एमएस्सीला मेजर थिअरी, फंक्शनल अ‍ॅनॅलिसिस, मग पीडीईसाठी एव्हान्सचं पुस्तक, त्यातलं पाचवं आणि सहावं प्रकरण (सोबोलेव्ह स्पेसेस आणि इलिप्टिक इक्वेशन्स) झोपेतून उठवलं तरी आलं पाहिजे असं. रीमानियन जिओमेट्री याच्याबरोबर चालू ठेवा. गिलबार्ग-ट्रुडिंगर हे इलिप्टिक पीडीईचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला बसू नका, कुणीच बसत नाही, लागेल तेव्हा लागेल तेवढं उघडायचं.

पायरी २: वही घ्या आणि एक फ्लो हातानं चालवून बघा

हा विषय आपल्याला जमेल का हे वाचून कळत नाही, करून कळतं. सगळ्यात स्वस्त प्रयोग सांगतो. प्लेनमधे एक बंद वक्र घ्या आणि त्याचा प्रत्येक बिंदू आतल्या दिशेनं तिथल्या कर्व्हेचरएवढ्या वेगानं सरकवा. याला कर्व्ह शॉर्टनिंग फ्लो म्हणतात. वर्तुळ घेतलं तर कर्व्हेचर १/r, म्हणजे dr/dt = −१/r, सोडवलं की r² = R² − २t. त्रिज्या R असलेलं वर्तुळ t = R²/२ ला टिंब होऊन संपतं. दोन मिनिटांचं काम.

आता वर्तुळाच्या जागी लंबवर्तुळ घ्या. सोडवायला जाल तर असा सोपा फॉर्म्युला मिळणार नाही. आणि इथंच खरा विषय सुरू होतो, कारण आता न सोडवता सांगायचंय की काय होणार. मॅक्सिमम प्रिन्सिपल म्हणतं की एकमेकांना न शिवणारे दोन वक्र फ्लोमधे पुढेही शिवत नाहीत. मग तुमचा वक्र कितीही नागमोडी असो, तो R त्रिज्येच्या वर्तुळाच्या आत असेल तर त्याला R²/२ च्या आधी संपावंच लागतं, कारण बाहेरचं वर्तुळ त्याला दाबत येतंय! अजून एक: स्वतःला न छेदणाऱ्या वक्राच्या आतलं क्षेत्रफळ दर सेकंदाला बरोबर २π नं कमी होतं, वक्र कुठलाही असो, कारण बंद वक्राचं एकूण कर्व्हेचर २π च असतं. म्हणजे तो नेमका कधी संपणार तेही कळलं: सुरुवातीचं क्षेत्रफळ भागिले २π. वर्तुळाला लावून बघा, R²/२ च येतं. संपण्याआधी तो गोल होत जातो हे मात्र अवघड आहे, कॉन्व्हेक्स वक्रांसाठी गेज आणि हॅमिल्टन यांनी १९८६ मधे आणि कुठल्याही न छेदणाऱ्या वक्रासाठी ग्रेसननं १९८७ मधे दाखवलं.

हे वाचताना ज्याला वही ओढून ती २π वाली गोष्ट स्वतः पडताळावीशी वाटली तो या विषयाचा माणूस (किंवा बाई, अर्थातच).

जमलं तर पुढचा प्रयोग. दोन मितींच्या डिस्कवरचा मॅप u घ्या, त्याची एनर्जी म्हणजे |∇u|² चं इंटिग्रल. आता u(x) ऐवजी u(λx) घ्या, म्हणजे झूम करा. ग्रेडियंटचा वर्ग λ² नं वाढतो, क्षेत्रफळ λ² नं घटतं, एनर्जी जशीच्या तशी! म्हणजे एनर्जी मर्यादित आहे एवढंच माहीत असून भागत नाही, ती सगळीच्या सगळी एका टिंबात जाऊन साठू शकते आणि लिमिट घेताना हातातून निसटते. करेन उलेनबेक आणि जोनाथन सॅक्स यांचा १९८१ चा पेपर याच अडचणीवर आहे. त्यांनी एनर्जीत घातांक १ पेक्षा जरासा मोठा करून प्रश्न सोपा केला, मग तो घातांक हळूहळू १ कडे नेला, आणि दाखवलं की मोजक्या बिंदूंवर गडबड होते पण त्या बिंदूंवर योग्य तेवढं झूम केलं की तिथं एक अख्खा गोल लपलेला सापडतो. त्याला बबल म्हणतात. ही एक युक्ती पुढे कुठं कुठं गेली याची यादी करायला बसलो तर लेख संपणार नाही.

पायरी ३: कॉलेजच्या बाहेर पडा, निदान उन्हाळ्यात

कॉलेजात या विषयाचं कुणी नसेल, गृहीतच धरा. त्यामुळे बाहेरच्या गोष्टी शोधाव्या लागतात आणि सुदैवानं आपल्याकडे त्या आहेत, फुकट किंवा जवळपास फुकट. बीएस्सीला असताना माधवा मॅथेमॅटिक्स कॉम्पिटिशन द्या, पुण्याच्या एसपी कॉलेजनं होमी भाभा सेंटरबरोबर सुरू केलेली आहे, नंबर नाही आला तरी पेपर सोडवण्यात फायदा आहे. एमटीटीएस (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) हा उन्हाळी कार्यक्रम १९९३ पासून चालू आहे, तिथं तुम्हाला फळ्यासमोर उभं करून प्रश्न विचारतात आणि अर्धं शिक्षण त्यातच होतं. एमएस्सीच्या पुढे गेलात की नॅशनल सेंटर फॉर मॅथेमॅटिक्सची अ‍ॅन्युअल फाउंडेशन स्कूल्स. पुण्यात असाल तर अभ्यंकरांनी १९७६ मधे काढलेल्या भास्कराचार्य प्रतिष्ठानची लायब्ररी आहे. लातूर, सावंतवाडी, मडगाव असं कुठं असाल तर मात्र इंटरनेटच, आणि त्यात कमीपणा काही नाही, फक्त लेक्चर बघितलं म्हणजे शिकलो असं समजू नका, प्रत्येक लेक्चरमागे दोन-तीन गणितं वहीत झाली पाहिजेत.

पायरी ४: पीएचडीला आत शिरणं

भारतात एमएस्सीसाठी आयआयटी जॅम, आणि पीएचडीसाठी टीआयएफआरची जीएस परीक्षा, एनबीएचएमची (नॅशनल बोर्ड फॉर हायर मॅथेमॅटिक्स) स्कॉलरशिप परीक्षा, सीएसआयआर नेट, गेट. सगळ्या द्या, अभ्यास बराचसा तोच आहे. विषयाच्या दृष्टीनं बंगळुरूचं आयआयएस्सी, टीआयएफआर (मुंबईत कुलाब्याचं, आणि पीडीईसाठी बंगळुरूचं टीआयएफआर-कॅम वेगळं आहे ते लक्षात ठेवा), वेगवेगळे आयसर, आयआयटी, चेन्नईच्या संस्था, इथं शोधाशोध करा. जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, एसआरएफ झाल्यावर ४२,०००, वर घरभाडं किंवा हॉस्टेल. घरी "अजून शिकतोयस का" हा प्रश्न येणारच, त्याला उत्तर म्हणून हा आकडा कामाला येतो.

बाहेर जायचं असेल तर दोन पद्धती वेगळ्या आहेत. अमेरिकेत बॅचलर्सनंतर पाच-सहा वर्षांचा प्रोग्रॅम असतो, शिकवण्याच्या बदल्यात फी माफ आणि स्टायपेंड, अर्ज साधारण डिसेंबरात जातात. युरोपात बऱ्याच ठिकाणी पीएचडी ही नोकरीच असते, जाहिरात निघते, आधी मास्टर्स लागतं, तीन-चार वर्षांत संपवायचं असतं. दोन्हीकडे मार्कांइतकंच वजन शिफारसपत्रांना असतं, आणि "हा विद्यार्थी प्रामाणिक व मेहनती आहे" असं पत्र काहीच कामाचं नाही. ज्या सरांकडे किंवा मॅडमकडे तुम्ही खरोखर काहीतरी वाचलंय, प्रोजेक्ट केलाय, त्यांचं पत्र घ्या, मग त्यांचं नाव मोठं नसलं तरी चालेल.

पायरी ५: गाईड

अख्ख्या प्रवासात याच्याएवढा महत्त्वाचा निर्णय दुसरा नाही आणि लोक तो प्रसिद्धी बघून घेतात. असं करा: आर्काइव्हवर (arXiv, पेपर फुकट वाचायला मिळतात ती साइट) डिफरेन्शिअल जिओमेट्री आणि अ‍ॅनॅलिसिस ऑफ पीडीई असे दोन विभाग आहेत, तिथं त्या माणसाचे गेल्या चार-पाच वर्षांतले पेपर काढा. चालू आहे का काम? विद्यार्थ्यांबरोबर लिहिलेले पेपर आहेत का? आधीचे विद्यार्थी आता कुठं आहेत? मग सध्याच्या विद्यार्थ्यांना, शक्यतो चहाला बाहेर नेऊन, सरळ विचारा की आठवड्यातून भेट होते का, अडकल्यावर काय होतं, मेलला उत्तर किती दिवसांनी येतं. ऑफिसात बसून कुणी खरं सांगत नाही.

मेल लिहिताना "रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम हायली पॅशनेट" वगैरे नको. चार ओळी: मी कोण, काय काय वाचलंय, तुमच्या अमुक पेपरमधलं अमुक लेम्मा वाचलं आणि तिथं हा प्रश्न पडला, भेटता येईल का. प्रश्न खरा असला पाहिजे. अशा मेलला उत्तर येण्याची शक्यता बरीच जास्त असते, कारण असे मेल फार कमी येतात.

पायरी ६: स्वतःचा प्रॉब्लेम, आणि C नावाचं भूत

पहिला प्रॉब्लेम गाईड देतो, लाजण्यासारखं काही नाही. सहसा तो "अमुक पेपरमधलं एस्टिमेट थोड्या कमी अटींवर चालतं का" असा असतो. ऐकायला किरकोळ वाटतो पण त्यातून तुम्हाला एक तंत्र आतून-बाहेरून कळतं, आणि या धंद्यात माणूस त्याच्या तंत्रावरून ओळखला जातो. पहिल्या दोन-तीन वर्षांत एक तंत्र असं शिका की इन्स्टिट्यूटमधे कुणाला त्यात अडलं तर तुमच्याकडे यावं.

आता C. प्रत्येक पेपरमधे प्रत्येक ओळीत एक कॉन्स्टंट C असतो आणि ओळ बदलली की तोही गुपचूप बदलतो, नाव मात्र तेच. वाचताना मार्जिनमधे पेन्सिलीनं लिहा की हा C कशाकशावर अवलंबून आहे: फक्त मितीवर? कर्व्हेचरच्या बाउंडवर? की चुकून ज्या सोल्यूशनला बांधायचंय त्याच्यावरच? हे शेवटचं झालं की प्रूफ गेलं. मोठ्यांचंही जातं. बंद मॅनिफोल्डचं मेट्रिक जागोजागी ताणून-आक्रसून त्याचं स्केलर कर्व्हेचर सगळीकडे सारखं करता येतं, याच्या यामाबेनं १९६० मधे दिलेल्या प्रूफमधे चूक आहे हे ट्रुडिंगरला १९६८ मधे सापडलं, त्यानं काही केसेस वाचवल्या, ऑबाननं १९७६ मधे आणखी पुढं नेलं, आणि उरलेलं शोएननं १९८४ मधे पूर्ण केलं, तेही जनरल रिलेटिव्हिटीतलं पॉझिटिव्ह मास थिअरम वापरून! त्या एका फटीतून २४ वर्षांचं सुंदर गणित आलं. त्यामुळे कुठल्या नावाजलेल्या पेपरमधे ओळ पटत नसेल तर आपणच ढ आहोत असं लगेच धरून चालू नका, दोन दिवस द्या, मग विचारा.

यावचा किस्सा इथंच सांगण्यासारखा आहे. कॅलाबी कंजेक्चर खोटं आहे अशी त्याची खात्री होती, १९७३ मधे स्टॅनफर्डला काउंटरएक्झाम्पल सापडलं असं त्यानं लोकांना सांगूनही टाकलं. कॅलाबीनं पत्र लिहून तपशील मागितले, हा लिहायला बसला आणि एकेक उदाहरण कोसळत गेलं. शेवटी त्यानं बाजू बदलली आणि तीच गोष्ट खरी आहे हे सिद्ध केलं. तोंडी सगळं बरोबर वाटतं, म्हणून पहिल्या वर्षापासून प्रूफ पूर्ण लिहून काढायची सवय लावा, लेटेकमधे, सगळ्या ओळींसकट.

पायरी ७: पोस्टडॉक, नोकरी आणि घर

पीएचडीनंतर दोन-तीन वर्षांचा एक पोस्टडॉक (रिसर्चची तात्पुरती नोकरी), बऱ्याचदा दोन, वेगवेगळ्या शहरांत नाहीतर देशांत. मॅथजॉब्स नावाची साइट आहे, जगातल्या खूप जागा तिथं निघतात, नोव्हेंबर-डिसेंबर हा अर्जांचा हंगाम. जर्नल्स संथ आहेत, पेपर पाठवल्यावर वर्षभर उत्तर न येणं नॉर्मल आहे, म्हणून पीएचडीच्या शेवटच्या वर्षाआधी निदान एक पेपर आर्काइव्हवर आणि जर्नलकडे गेलेला हवा.

या टप्प्यावर लोक पेरेलमनची गोष्ट काढतात, एकटा बसला, जग हलवलं, फील्ड्स मेडल आणि दहा लाख डॉलर दोन्ही नाकारले. ठीक आहे, पण करिअर प्लॅन म्हणून ते धरू नका. मी नवीन लोकांना उलेनबेककडे बघायला सांगतो. मिशिगनला फिजिक्स म्हणून सुरू केलं, मग मॅथ्सला आली, ब्रँडाइसला पालेस यांच्याकडे १९६८ मधे पीएचडी. मग एमआयटी आणि बर्कलीत तात्पुरत्या जागा. नवऱ्याला मोठ्या युनिव्हर्सिटीज बोलवत होत्या आणि तिला मात्र नवरा-बायको एकाच ठिकाणी घेत नाही असे नियम सांगितले जात होते. दोघं इलिनॉयला अर्बानाला गेले, तिथं तिला फारसं रुचलं नाही, पण सॅक्स भेटला तो तिथंच, पोस्टडॉक म्हणून आलेला. पुढे शिकागो, १९८७ पासून टेक्सासमधे ऑस्टिन, आणि २०१९ मधे एबल प्राइझ (गणितातल्या सगळ्यात मोठ्या बक्षिसांपैकी एक), ते मिळवणारी पहिली बाई. म्हणजे पीएचडी ते सॅक्सबरोबरचा तो पेपर यात तेरा वर्षं. हॅमिल्टनचं बघा, पीएचडी १९६६, रिची फ्लोचा पेपर १९८२. तिशीत काही घडलं नाही म्हणून संपलं असं या विषयात तरी नसतं.

आणि तिचं काम मुंबईपर्यंत पोचतं हेही सांगतो, कारण आपल्याकडे कुणी सांगत नाही. टीआयएफआरच्या नरसिंहन आणि शेषाद्री यांनी १९६५ मधे व्हेक्टर बंडल्सबद्दल एक थिअरम सिद्ध केलं, भारतात झालेल्या गणितातलं ते सगळ्यात गाजलेल्यांपैकी एक. १९८३ मधे डोनाल्डसननं त्याचं अगदी वेगळं प्रूफ दिलं, पीडीई वापरून, आणि त्यात उलेनबेकचं कॉम्पॅक्टनेस थिअरम मधोमध बसलेलं आहे. मग १९८६ मधे उलेनबेक आणि याव यांनी ते वरच्या मितींत नेलं. त्यामुळे भारतात या विषयात शिरायला हे एक अगदी हक्काचं दार आहे, अल्जेब्राइक जिओमेट्रीवाले शेजारी बसलेले असतात, बोलायला माणसं मिळतात.

परत यायचं असेल तर आयआयएस्सी, टीआयएफआर, आयसर, आयआयटी या जागा रिसर्च बघून भरतात, अर्ज ते मुलाखत ते ऑर्डर यात वर्ष सहज जातं, म्हणून पोस्टडॉक संपायच्या दीड वर्ष आधी सुरुवात करा, आणि मधे एकदा येऊन दोन-तीन ठिकाणी सेमिनार देऊन जा, लोकांनी तुम्हाला फळ्यावर बघितलेलं असलं पाहिजे. महाराष्ट्रातल्या कॉलेजांत शिकवायचं तर नेट-सेट किंवा पीएचडी लागते, पण कायम जागा निघतील तेव्हा, तोवर सीएचबीवर (क्लॉक अवर बेसिस, म्हणजे तासाच्या हिशेबानं पैसे) तास घ्यावे लागतात आणि त्या पैशात पुण्यात खोलीभाडंसुद्धा ओढाताणीनं निघतं, तेव्हा ज्यांच्यावर घर अवलंबून आहे त्यांनी हे आधीच धरून हिशेब करावा.

हिशेबात दुसरं दारही ठेवा. पीडीई, ऑप्टिमायझेशन आणि थोडं पायथन येत असेल तर बँकांची क्वांट टीम (पैशांच्या व्यवहारांची गणितं मांडणारी), इमेज प्रोसेसिंग, कॉम्प्युटर ग्राफिक्स (तिथं मेश, म्हणजे छोट्या त्रिकोणांचा पृष्ठभाग, गुळगुळीत करायला मीन कर्व्हेचर फ्लो, म्हणजे पायरी २ मधल्या फ्लोचा पृष्ठभागांवरचा भाऊ, खरोखर वापरतात), मशीन लर्निंग, इकडे जाता येतं, आणि गेलेले मजेत आहेत. त्यासाठी पीएचडी चालू असतानाच एखादा फ्लो कोड करून बघा. पायरी २ मधला वक्र घ्या, शंभर बिंदू, छोटी टाइम स्टेप, दर स्टेपला क्षेत्रफळ छापा. ते २π च्या दरानं उतरत नसेल तर कोडमधे बग आहे, किंवा टाइम स्टेप मोठी झालीय.